इंग्रजी मेजर तर घेतलं, आता त्यातलं नेमकं काय निवडू?

पत्र सातारा जिल्ह्यातून आलंय, नाव छापू नका म्हणालीये म्हणून छापत नाही. मोठं पत्र आहे, थोडक्यात सांगते. मुलगी बीए सेकंड इयरला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मेजर इंग्रजी आणि मायनर मराठी. तिला लिहायला आवडतं, कथा मराठीत लिहिते, इंग्रजीत लिहायला घेतलं की हात थांबतो. आता थर्ड इयरचे इलेक्टिव्ह पेपर निवडायचेत आणि पुढे एमए की बीएचंच चौथं वर्ष हेही ठरवायचंय. आत्या म्हणते बीएड कर आणि मोकळी हो. पुण्यातला मामेभाऊ म्हणतो कंटेंट रायटिंगमध्ये ये, लिटरेचरला कोण विचारतं. वर्गातल्या मैत्रिणी क्रिएटिव्ह रायटिंग म्हणतायत. पप्पा काही बोलत नाहीत, पण रोज संध्याकाळी दुकान बंद करून आले की एकदा तरी विचारतात, "मग, ठरलं का?" पत्राच्या शेवटी तिने सहज म्हणून एक गोष्ट लिहिलीये. मराठीच्या प्रोजेक्टसाठी तिने आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या आणि नंतर कुणी सांगितलं नसताना त्यातल्या काही इंग्रजीत करून बघितल्या. "त्यात दिवाळीची सगळी सुट्टी गेली, पण अभ्यास केल्यासारखं वाटलंच नाही. याचा काही उपयोग नाही हे माहितीये." असं तिने लिहिलंय. प्रश्न एकच, की लिटरेचर, लिंग्विस्टिक्स (भाषाविज्ञान), ईएलटी (इंग्रजी शिकवण्याचं शास्त्र), क्रिएटिव्ह रायटिंग, टेक्निकल रायटिंग यातलं काय घेऊ.

अगं, तुझं उत्तर तूच लिहून पाठवलंयस आणि वर त्याला उपयोग नाही असंही म्हणतेयस. मी माझं मत आधी सांगते, कारणं नंतर. तू भाषांतराकडे जा, आणि त्यासाठी लिंग्विस्टिक्सचे जेवढे पेपर मिळतील तेवढे घे, पण डिग्री मात्र इंग्रजीचीच ठेव, म्हणजे शिकवण्याचा रस्ता बंद होणार नाही. आता हे असं का ते बघ.

पहिली गोष्ट, बीएच्या पातळीवर स्पेशलायझेशन हा शब्द ऐकायला मोठा वाटतो, पण तुझ्या हातात खरंच किती निवड आहे ते आधी तपासून घे. युनिव्हर्सिटीच्या सिलॅबसमध्ये इलेक्टिव्हची यादी असते, पण कॉलेज त्यातले तेच पेपर चालवतं ज्याला शिकवायला माणूस आहे आणि ज्याला पुरेशी मुलं आहेत. तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी डिपार्टमेंटला दोन-तीन जण असतात, त्यातलं एखादं तासिका तत्त्वावर. म्हणजे कागदावर चार पर्याय दिसतात आणि प्रत्यक्षात एकच असतो. तेव्हा रात्री जागून विचार करण्याआधी डिपार्टमेंटमध्ये जाऊन सरळ विचार, "मॅडम, पुढच्या वर्षी यातले कुठले पेपर खरंच चालणार आहेत आणि कोण शिकवणार आहे?" कोण शिकवणार हेही विचारायचं बरं का. ज्या शिक्षकाने आपण स्वतः त्या विषयात काम केलंय त्याच्याकडे साधा पेपर घेतलास तरी तो तुला कुठल्या कुठे नेईल.

मग निवड कुठे होते? ती होते प्रोजेक्टमध्ये, ओजेटीमध्ये (ऑन जॉब ट्रेनिंग) आणि पुढे एमएला. नवीन पॅटर्नमध्ये फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट असतात आणि मुलं ती कशीबशी उरकतात, एखाद्या ओळखीच्या ऑफिसातून सर्टिफिकेट आणून देतात. तू तसं करू नकोस. पेपर तुझ्या हातात नसेल पण प्रोजेक्टचा विषय बऱ्यापैकी तुझ्या हातात असतो.

दुसरी गोष्ट, विषयाच्या नावावर जाऊ नकोस, त्या विषयात दर आठवड्याला काय करावं लागतं ते बघ. क्रिएटिव्ह रायटिंग म्हटलं की खिडकीत बसून लिहिणं डोळ्यासमोर येतं, पण तो कोर्स नीट चालवला तर त्यात बहुतेक वेळ स्वतःचं लिहिलेलं दहा जणांसमोर वाचणं, त्यांनी काढलेल्या चुका गप्प बसून ऐकणं आणि तीच गोष्ट पुन्हा लिहिणं यात जातो. हे तुला चालेल असं मला वाटतं, पण तुझी कथा मराठीत येते आणि कोर्स इंग्रजीत आहे, आणि तुझ्या पत्रात इंग्रजीत कथा लिहायची ओढ मला कुठेच दिसली नाही. मैत्रिणी घेतायत म्हणून तू घेशील. मराठीत कथा लिहायला इंग्रजीतली क्रिएटिव्ह रायटिंगची डिग्री लागत नाही, तू लिहीत राहा, दिवाळी अंकांना पाठवत राहा, ते काम कुठल्याही स्पेशलायझेशनबरोबर चालतं.

लिटरेचरचं काम म्हणजे वाचन, भरपूर आणि सावकाश वाचन, आणि मग "मला हे असं वाटतं" यावर न थांबता ते त्या मजकुरातल्या कुठल्या ओळीवरून वाटतं हे चार पानांत मांडून दाखवणं. आपल्याकडे याचं वाटोळं गाइडांनी केलंय. मुलं कादंबरी न उघडता समरी पाठ करतात आणि मग लिटरेचर कंटाळवाणं आहे म्हणतात. तू तुझ्या सिलॅबसमधलं एक नाटक किंवा कादंबरी गाइडशिवाय वाच, डिक्शनरी घेऊन, दिवसाला पाच पानं झाली तरी चालेल, आणि बघ त्यावर तुला काही म्हणावंसं वाटतंय का. वाटलं तर लिटरेचर तुझं आहे, मीडियम कुठलंही असो. मराठी मीडियमची मुलं या वर्गात मागे बसतात ते मला फार लागतं. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते. भालचंद्र नेमाड्यांनी डेक्कन कॉलेजमधून भाषाविज्ञानात एमए केलं, मुंबई विद्यापीठातून इंग्रजी साहित्यात केलं, कॉलेजांत इंग्रजी शिकवलं आणि लिहिलं मराठीत. दोघांनाही ज्ञानपीठ मिळालं. दोन भाषांत पाय असणं ही आपल्याकडची जुनी वाट आहे, तू काही वेगळं किंवा कमी करत नाहीयेस. आणि मायनर मराठी घेतलं म्हणून जे हसतात त्यांना हसू दे, तुझ्या मार्कशीटवर जे काही आहे त्यात मला तेच सगळ्यात कामाचं वाटतं.

आता लिंग्विस्टिक्स. याचं नाव ऐकून मुलं घाबरतात कारण सेकंड इयरला फोनेटिक्सची चिन्हं पाठ करून घेतात आणि तिथेच विषय संपतो. खरं काम वेगळंच आहे. माणसं बोलतात ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं आणि त्यात नियम शोधायचा. माणदेशातली बाई आणि सातारा शहरातली बाई एकच वाक्य वेगळं का बोलतात, कुठला आवाज कुठे बदलतो, वाक्यातला शब्दांचा क्रम हलवला की अर्थ किती हलतो, हे सगळं. तू आजीसमोर बसून ओव्या उतरवल्यास तेव्हा आजी "न" म्हणतेय की "ण", आणि ती जसं म्हणतेय तसं लिहू की पुस्तकात असतं तसं, हा प्रश्न तुला पडला असणार. पडला असेल तर तू भाषाविज्ञानाच्या दारात उभी आहेस. यात पाठांतर कमी आणि डोकं जास्त चालवावं लागतं, आणि इथे कॉन्व्हेंटच्या मुलीला तुझ्यापेक्षा काही जास्त येत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात याचं एमए आहे, 1821 मध्ये सुरू झालेली संस्था आहे ती आणि अशोक केळकरांसारखे भाषाशास्त्रज्ञ तिथे शिकवून गेलेत. हैदराबादच्या इफ्लूत, म्हणजे इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीत, लिटरेचर, लिंग्विस्टिक्स आणि इंग्रजी शिकवण्याचं शास्त्र यांचे वेगवेगळे एमए आहेत, प्रवेश परीक्षा द्यावी लागते, देऊन बघायला काय हरकत आहे.

पण इथे एक धोका आहे तो नीट समजून घे. नुसतं लिंग्विस्टिक्समध्ये एमए केलंस तर ज्युनिअर किंवा सीनिअर कॉलेजात इंग्रजीच्या जागेसाठी अडचण येऊ शकते, जाहिरातीत इंग्रजीतलं एमए मागतात आणि नेटलाही, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेलाही, लिंग्विस्टिक्स हा वेगळा विषय आहे. आपल्या कॉलेजांत भाषाविज्ञानाच्या स्वतंत्र जागा फारच थोड्या. म्हणून मी म्हणाले की डिग्री इंग्रजीची ठेव आणि आत पेपर लिंग्विस्टिक्स, ट्रान्सलेशन, ईएलटी असे घे. पुढे जीव रमलाच तर दुसरं एमए करता येतं, पीएचडीलाही तो विषय घेता येतो.

ईएलटीबद्दल आत्याला सांग की ती पूर्ण चुकीची नाहीये. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, सेमी इंग्लिशचे वर्ग गावोगाव झालेत, आणि मराठी घरातलं पोरगं इंग्रजी कसं शिकतं हे ज्याला आतून माहितीये असा शिक्षक मिळणं अजून अवघड आहे. तू ते स्वतः भोगलंयस. पण बीएड "कर आणि मोकळी हो" असं होत नाही. दोन वर्षांचं बीएड, त्याची सीईटी, आठवीपर्यंत शिकवायचं तर टीईटी ही पात्रता परीक्षा, शिवाय शिक्षक भरतीची वेगळी परीक्षा टेट. ज्युनिअर कॉलेजला एमए आणि बीएड दोन्ही लागतं. सीनिअर कॉलेजला एमएला 55 टक्के आणि नेट किंवा राज्याची सेट. आणि हे सगळं झाल्यावरही कितीतरी नेट-सेट झालेले, पीएचडी झालेले लोक वर्षानुवर्षं सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने मिळणाऱ्या मानधनावर, तास घेतायत, हे तुझ्या कॉलेजातच तुला दिसेल. त्यांच्यापैकी एखाद्या सरांना मॅडमना चहाच्या वेळी मोकळेपणाने विचार, ते तुला माझ्यापेक्षा खरं सांगतील. शिकवणं आवडत असेल तर नक्की जा. सुरक्षित आहे म्हणून जाणार असशील तर ते आता तेवढं सुरक्षित राहिलेलं नाही.

मामेभावाचं म्हणणं मी थोडक्यातच घेते. पुण्यात आयटी कंपन्या आहेत, तिथे टेक्निकल रायटर लागतात, सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची कागदपत्रं लिहायला, आणि लिटरेचरची मुलं त्यात जातात आणि चांगलं काम करतात. त्याला इंजिनीअरला प्रश्न विचारायची हिंमत लागते, मजकूर कापायची सवय लागते, टूल शिकायला लागतात. ते सभ्य काम आहे. नुसतं "कंटेंट" म्हणजे वेबसाइट भरायला शब्द पाडणं, ते वेगळं, आणि ते आता एआय फुकट करतंय, त्यासाठी तीन वर्षं घालवू नकोस. टेक्निकल रायटिंग आवडेल का हे बघायला डिग्री लागत नाही. आजीच्या फोनवर पैसे कसे पाठवायचे हे आजीला कळेल असं एका पानावर लिही, तिच्या हातात दे आणि ती कुठे अडते ते बघ. मजा आली तर हा पर्याय उघडा ठेव.

आता भाषांतर, ज्यासाठी मी एवढं लिहितेय. तुला वाटतंय आजीच्या ओव्या इंग्रजीत करण्याला उपयोग नाही. गी पॉइतवँ आणि हेमा राइरकर यांनी पुण्यातून काम करून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि आज त्या "पारी"वर, म्हणजे पी. साईनाथांनी सुरू केलेल्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर, ऐकायला मिळतात, सोबत मराठी मजकूर आणि इंग्रजी भाषांतर. ते भाषांतर माणसांनीच केलंय ना, जात्यावरची मराठीही कळते आणि इंग्रजीही येतं अशा माणसांनी. आजच जाऊन बघ. गाणारीचं नाव, गाव कसं दिलंय ते बघ, ओवीची लय इंग्रजीत कुठे राहिली आणि कुठे गेली ते बघ आणि तीच ओवी तू कशी केली असतीस ते शेजारी लिहून काढ.

आणि 2025 चा इंटरनॅशनल बुकर कन्नड कथांना मिळाला, लेखिका बानू मुश्ताक आणि भाषांतरकार दीपा भास्ती, जी कोडगूची आहे. त्या बक्षिसाचे 50,000 पौंड लेखक आणि भाषांतरकारात निम्मे निम्मे वाटले जातात. शेजारच्या राज्यात हे घडलंय. आपल्या मराठीत इंग्रजीत जायला हवं असं किती पडून आहे, आणि करणारे किती कमी आहेत! मला खरंच तळमळून वाटतं की यात तुमच्यासारख्या गावातून आलेल्या मुलींनी यावं, कारण पुस्तकी मराठीवरून भाषांतर करणारे आहेत, पण आजीच्या तोंडची मराठी कानात असलेले फार नाहीत.

पैशांचं सरळ सांगते. साहित्याच्या भाषांतरावर घर चालत नाही, सुरुवातीला तर नाहीच. पण भाषांतराचं काम म्हणजे साहित्यच असं नाही. कोर्टांना भाषांतरकार आणि दुभाषी लागतात, त्यांच्या भरतीच्या जाहिराती येतात. महाराष्ट्र शासनाचं भाषा संचालनालय 1960 पासून आहे, तिथे कायदे आणि शासकीय मजकूर मराठीत आणण्याचं काम चालतं. आरोग्य, शेती, शिक्षण यात काम करणाऱ्या संस्थांना रोज दोन्ही दिशांनी मजकूर लागतो, सबटायटल आहेत, प्रकाशक आहेत. आता तू म्हणशील एआय हेही खाणार. काही खाईल, सोपा आणि त्याच त्या साच्यातला मजकूर मशीन करेल, करतंयच. सुप्रीम कोर्टाने 2019 मध्येच निकालांच्या भाषांतरासाठी "सुवास" नावाचं सॉफ्टवेअर आणलं. पण ते निघालेलं भाषांतर तपासायला दोन्ही भाषा येणारी माणसं बसवावी लागतात, कारण कोर्टाच्या कागदात एक "नाही" इकडचा तिकडे झाला तर माणसाची जमीन जाते. मशीनने केलेलं कुठे चुकलंय हे ज्याला लगेच दिसतं त्याला काम आहे, आणि ते दिसायला भाषाविज्ञानाचा अभ्यास फार उपयोगी पडतो. म्हणून मी दोन्ही जोडून सांगतेय. तुझ्या ओव्या एकदा मशीनला देऊन बघ, कुठे कुठे आपटतं त्याची यादी कर, ते सुद्धा प्रोजेक्ट होईल.

चौथ्या वर्षाचं बघू. तीन वर्षांनी बाहेर पडलीस तरी डिग्री हातात येते आणि दोन वर्षांचं एमए करता येतं, बीएडही करता येतं. चौथं वर्ष केलंस तर ऑनर्स, आणि मग एमए एका वर्षाचं. पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के असतील तर ऑनर्स विथ रिसर्च मिळू शकतं, आणि चार वर्षांच्या डिग्रीला 75 टक्के असतील तर एमए न करता नेटला बसता येतं, जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) आणि पीएचडीसाठी, राखीव प्रवर्गांना त्यात पाच टक्क्यांची सूट आहे. जेआरएफ मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये फेलोशिप असते, पप्पांना हा आकडा जरूर सांग. फक्त त्यावर प्राध्यापक होता येत नाही, त्याला एमए लागतंच. तुझे मार्क तू लिहिले नाहीस. 75 च्या आसपास असतील आणि कॉलेजात प्रोजेक्ट नीट बघून देणारं कुणी असेल तर चौथं वर्ष कर. तसं कुणी नसेल तर तीन वर्षांनी बाहेर पड आणि एमएला चांगल्या डिपार्टमेंटला जा, पुण्याला किंवा हैदराबादला. शिकवणारं कुणी नसताना त्याच वर्गात आणखी एक वर्ष काढू नकोस.

निवडीचा फॉर्म भरायच्या आधी हातात जे दिवस आहेत त्यात एवढं कर. आजीच्या ओव्यांतल्या वीस-एक निवड. मराठी, इंग्रजी, आणि प्रत्येकीखाली तीन-चार ओळी, की इथे काय अडलं आणि तू असंच का केलंस. आजीला सांगून, विचारून कर, तिचं नाव, गाव, कधी उतरवलं ते लिही, त्या तिच्या आहेत. हे मराठीच्या आणि इंग्रजीच्या दोन्ही मॅडमना दाखव आणि विचार की फील्ड प्रोजेक्ट यावर करता येईल का, दोघी मिळून बघतील का. ओजेटीसाठी जवळचं वर्तमानपत्राचं ऑफिस, एखादी संस्था, प्रकाशक, जिथे रोज दोन्ही भाषांत काम चालतं तिथे आत्तापासून विचारून ठेव. कॉलेजात लिंग्विस्टिक्स किंवा ट्रान्सलेशनचा पेपर चालत नसेल तर स्वयम् या सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर शोध, तिथले कोर्स कॉलेजने मान्य केले तर क्रेडिट मिळतात, पण आधी परवानगी लेखी घे, नंतर हो-नाही होतं.

आणि इंग्रजीत हात थांबतो म्हणतेस त्याचं. कोऱ्या पानावर थांबतो ना? ओव्या करताना थांबला नाही, कारण काय म्हणायचंय ते आधीच पक्कं होतं. म्हणजे तुझं इंग्रजी कच्चं असेलही थोडं, पण अडचण तिथे नाहीये. रोज मराठीतला एक परिच्छेद घे, पेपरातला, कथेतला, कुठलाही, आणि इंग्रजीत कर. पंधरा मिनिटं. थर्ड इयर सुरू होईपर्यंत हात बराच सुटलेला असेल.

राहिले पप्पा. ते रोज विचारतात म्हणजे त्यांना काळजी आहे, घाई असेलच असं नाही. त्यांना विषयांची नावं सांगून काही कळणार नाही, तू त्यांना हिशोब सांग. तीन वर्षांनी डिग्री नक्की, त्यानंतर एमए दोन वर्षं, खर्च साधारण एवढा, एमए होताना नेट-सेटचे प्रयत्न, एमए झाल्यावर बीएडचा पर्याय उघडाच, आणि शिकता शिकता भाषांतराची छोटी कामं. एका कागदावर लिहून दे, दुकानदार माणूस आहे, कागद वाचेल. आणि त्याच बैठकीत आजीच्या ओव्या इंग्रजीत केलेल्या त्यांना दाखव, त्यांच्या आईचं नाव वर लिहिलेलं असू दे. इलेक्टिव्हचा फॉर्म भरलास की डिपार्टमेंटने शेवटी कुठले पेपर दिले ते मला कळव. लिंग्विस्टिक्स मिळालं नाही तर त्याऐवजी काय वाचायचं ते मी तुला पाठवते.